पपनसाची सोयरीक

फाल्गुन लागला आणि रखमाबाईच्या दारचं पपनस पांढऱ्या फुलांनी गच्च भरलं. वास असा, की शहाडहून येणारा रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी घटकाभर थांबायचा. पण रखमाबाई झाडाखालचा सडा खराट्यानं लोटत होती आणि लोटता लोटता जावेच्या नावानं बोटं मोडत होती.

"माजे झाराला नजर लावून गेली ती शांती. सोताची जागा इकली नि फ्लॅटात जाऊन बसली. पाच वर्सां जाली, फुल त फुलतंय, फल एक नाय."

हे आम्हां शेजाऱ्यांना पाठ झालं होतं. पूर्वी भाद्रपदात हेच झाड वाकून जायचं. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, बांधायला गावातल्या घरटी एक पपनस रखमाबाईच्या हातून जायचं. कुणी पैसे काढले तर ती रागवायची. आता तिच्याच माटवीला बाजारातलं फळ टांगायची पाळी आली होती. गावच्या बायका पहिल्या वर्षी विचारायला आल्या, दुसऱ्या वर्षी वाटेवरूनच बघून गेल्या. तिसऱ्या वर्षापासून कुणी मान वर करीना.

धाकटा दीर प्रभाकर भिंतीपलीकडं राहायचा. त्यानं जागा बिल्डरला दिली आणि बायको शांताबाईला घेऊन शहाडला गेला. तिथं आता सात मजले उभे होते. जावांचं बोलणं तेव्हापासून तुटलं. येत-जात राहिली ती प्रभाकरची मुलगी संचिता. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

त्या दिवशी ती आली तेव्हा आईच्या नावाचा उद्धार चाललाच होता. ती पायरीवर बसली.

"मोठी आई, नजर-बिजर काही नाही गं. हे झाड स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. पराग पडतो, रुजतो, नळी खाली सोडतो. पण झाड त्याला ओळखतं, हा आपलाच म्हणून. आणि मधेच अडवतं. त्याच्या जनुकांतच तसं आहे."

"म्हंजी?" रखमाबाईनं खराटा टेकवला.

"म्हणजे एका देवकात आपण सोयरीक करतो का?"

"कशी करनार?"

"तसंच. याला परका पराग लागतो. आमच्या दारचं पपनस होतं ना, आंबट? त्याचा पराग मधमाश्या इकडं आणायच्या. ते झाड गेलं, तुझी फळं गेली."

रखमाबाई खाली बसली. सखाराम, तिचा नवरा, ओटीवरून उठून आला.

"पन मी हिरीवर तीन लावलीत. तीबी फुलतान. त्यांचा नाय चालत?"

"ती कशाची आहेत, मोठे बाबा?"

"याचेच फांद्यांना गुटी बांधलीवती. गोर फल, दुसरी कनाला लावू?"

संचितानं नजर खाली घातली. "गुटीचं झाड वेगळं नसतं हो. मुळं वेगळी, अंग तेच. तीन काय, तीनशे लावलीत तरी एकच झाड."

सखारामनं त्या तिन्ही झाडांना दर उन्हाळ्यात हातानं पाणी शेंदून घातलं होतं. तो विहिरीकडं बघत नुसता उभा राहिला.

"मंग आता?" रखमाबाईनं विचारलं.

"दुसरं रोप लावता येईल, पण त्याला फुलायला वर्षं लागतील."

"आनि लावू कुठं? तिकरं भित हाय. हिरीकरं रस्त्याचं दगर रोवून गेलेत. कंदी मशीन येल, सांगवत नाय."

"मग कुठून तरी दुसऱ्या पपनसाची फुलं आणू. हातानं पराग लावू. थोडी तरी धरतील."

झाड शोधायला आम्ही सगळेच लागलो. ठाकुर्लीला होतं, तिथं पार्किंग झालं होतं. नदीकाठचं पुरात गेलेलं. मग कुणीतरी सांगितलं, सखारामच्या मावसभावाकडं, तानाजीकडं, टिटवाळ्याच्या पुढं मोठं झाड आहे. बहर ओसरायला लागला होता. रखमाबाई आणि संचिता सकाळीच निघाल्या. फुलं ठेवायला ओला फडका आणि डबा घेतला.

तानाजीच्या परसात झाड खरंच मोठं होतं, पांढरंशुभ्र. रखमाबाईनं चपला काढून त्याला हात लावला. तानाजीनं फांदी वाकवून धरली.

"घ्या वयनी, लागतील तवरी घ्या. नायतरी फुकटच गलतान. फल धरतच नाय यो."

संचिताचा हात फांदीवरच थांबला. "काका, हे कुठून आणलेलं?"

"कुठशी म्हंजी? तुमचेच घरशी. मावशीनं माजे आयेला गुटी दिलीवती. तुमचे हाताला गुन हाय वयनी, आमचे हाताला नाय."

रखमाबाईनं संचिताकडं पाहिलं. संचितानं डब्याचं झाकण लावलं. तानाजीला वाटलं आपलं काही चुकलं. त्यानं फुलांचा एक घोस तोडून रखमाबाईच्या ओंजळीत दिला. तिनं तो घेतला.

परतताना शहाडला रखमाबाई म्हणाली, "मना तुजे आयेकरं ने."

शांताबाईनं दार उघडलं. पाच वर्षांनी जाव दारात, हातात कोमेजलेली फुलं. ती बाजूला झाली. रखमाबाई आत येऊन खाली लादीवरच बसली.

"शांते, तुना नाय नाय ती बोललू. तुजा काय नव्हता त्यात."

शांताबाईनं चहा टाकला. कप पुढं ठेवून समोर बसली. मग म्हणाली, "तुमीच बोलत व्हतां ना वयनी, तुमचा पाला आमचे अंगनात परतंय, तोरा यो झार."

"बोललू व्हतू."

"बिल्डर त झार ठेवाला तयार व्हता. कोपऱ्यात व्हता, त्याला नरत नव्हता. यांनीच सांगितला, वयनीला तरास नको, जाताना तोरूनच जाव. मी परसात उभी व्हतू. तोरताना फुलावर व्हता."

संचिता खिडकीशी गेली. रखमाबाईनं चहाला हात लावला नाही.

"जेवूनच जा आता," शांताबाई म्हणाली आणि तांदळाचं ताट घेऊन आली. रखमाबाईनं ते आपल्याकडं ओढलं आणि खडे निवडू लागली. शांताबाईही समोरून निवडू लागली.