फ्लोरिनने भरलेले सांधे

उत्तनमध्ये मासळीच्या टोपल्या वाहायला आणि जाळी सांधायला मुली चालतात; वल्हं हातात घ्यायची वेळ आली की मात्र त्यांनी घरात बसावं. त्यामुळे नववीच्या कार्यानुभवाच्या तासाला गुणवंत सरांनी जाहीर केलं, ‘‘यंदा राख्या नाहीत, खडू नाहीत, खरीखुरी लाकडी होडी बांधायची,’’ आणि शिकवायला वर्गातल्या फ्लोरिनच्याच बापाला, होड्या बांधणाऱ्या ज्युलियसला, बोलावलं, तेव्हा तिने भर वर्गात विचारलं, ‘‘गावच्या सणाला होडी पाण्यात सोडल्यावर पहिलं वल्हं कोण मारणार?’’

सर नुसते हसले. ज्युलियस म्हणाला, ‘‘जो मन लावून काम करंल तो. तूच मार, बाय.’’

झालं! त्या शब्दावर पोरीने जीव ओवाळून टाकला. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्यापासून ज्युलियसच्या हाताला काम नव्हतं. शाळेच्या पटांगणात तो पुन्हा ताठ चालू लागला, हे बघून तर तिला दुप्पट जोर चढला. वर्गातली बाकीची मुलं तास संपला की पळायची. फ्लोरिन आणि तिची मैत्रीण ॲशली तेवढी अंधार पडेपर्यंत रंधा मारत बसायची.

फळ्या बसल्या. आता दोन फळ्यांमधले सांधे भरायचे. तेल-राळेत भिजवलेली कापसाची वात फटीत ठोकून ठोकून बसवायची, हे ज्युलियसने लेकीला लहानपणीच शिकवलं होतं. पण या वेळी तो म्हणाला, ‘‘कापूस ऱ्हाऊ दे. वरून लांबी फासा नि रंग मारा.’’

वरून नुसता लांबीचा लेप फासलेली होडी पाण्यात घातली तर किनाऱ्याजवळच तळ गाठते, हे उत्तनच्या शेंबड्या पोरालाही कळतं. फ्लोरिनला कळत नव्हतं थोडंच? पण ज्याला विश्वास ठेवायचा असतो तो स्वतःच कारणं शोधतो. पप्पाची सवय मोडली, सण जवळ आला म्हणून घाई करतोय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. घरातली जुनी उशी उसवून तिने कापूस काढला, ॲशलीने राळ आणली, आणि दोघींनी संध्याकाळी थांबून लांबी खरवडून एकेक सांधा भरला. वरून रंग मारला. ज्युलियसला ताकास तूर लागू दिली नाही. होडी कोरडीठाक तरंगली की पप्पा थक्क होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

सणाच्या आदल्या दिवशी होडी न्यायला शाळेत ट्रक आला. गुणवंत सर म्हणाले, ‘‘अगं, लाकूड बिल्डरनेच दिलं होतं. भाईंदरला नवीन कॉम्प्लेक्स होतोय ना, त्याच्या गेटवर शोभेला ठेवणार आहेत. खाली शाळेचं नाव लिहिणार!’’

फ्लोरिनने बापाकडे पाहिलं. तो ट्रक कुठे चाललाय हे विचारत नव्हता. हमालांना दोर कुठे बांधायचा ते दाखवत होता.

‘‘पप्पा, तुला ठाऊक व्हतं?’’

‘‘पयल्या दिसापासून.’’ ज्युलियस दोराकडेच बघत होता. ‘‘सांगितलं असतं तर हात चालले असते तुमचे?’’

इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसलेल्या बापाने हे असं सहज सांगितलं. सरांचा तिला राग आला. पण सर परके, पेणकरपाड्याहून येऊन-जाऊन करणारे. केसाने गळा कापला तो पप्पाने. सणाच्या दिवशी ती किनाऱ्याकडे फिरकलीसुद्धा नाही.

पावसाळ्यात त्या कॉम्प्लेक्सचा वॉचमन घर शोधत आला. ‘‘चाचा, होडी में फूल लगाए थे, सब सड़ गए। पानी भर गया है, निकलता ही नहीं।’’

‘‘असं कसं? लांबी तर उन्हात तडकून गेली असंल, पाणी फटीतनं गळून जायला पायजे,’’ ज्युलियस पुटपुटला. मग त्याचं लक्ष दारात उभ्या असलेल्या लेकीकडे गेलं.

‘‘सांधे तू भरलेस?’’

‘‘हां.’’

‘‘समदे?’’

‘‘समदे. मला वाटलं, पाण्यात जाणार हाय.’’

क्षणभर ज्युलियसचा चेहरा असा उजळला की फ्लोरिनला वाटलं, आता हा जाईल आणि होडी परत घेऊन येईल. त्याने फळीवरचं गिरमिट काढलं.

‘‘पप्पा, भोकं नको पाडूस.’’

‘‘आता ती त्यांची हाय, बाय,’’ म्हणत तो वॉचमनबरोबर निघून गेला.

परतला तेव्हा गिरमिटाच्या पात्याला ओला भुसा चिकटला होता. ‘‘थेंब गळत नव्हता, बाय! तळाला गिरमिट लावलं तेव्हा कुठं पाणी सुटलं. दर्यात घातली असती तर माझ्यामागंबी टिकली असती.’’ जणू लेकीला बक्षीस मिळाल्याची बातमी आणली होती. मग तिचं तोंड बघून तो हळूच म्हणाला, ‘‘पुढची होडी बांधू, तिचं पयलं वल्हं तुझंच.’’

फ्लोरिनने त्याच्या हातातून गिरमिट घेतलं, पुसलं, गंजू नये म्हणून तेल लावलं आणि जागेवर ठेवलं.

‘‘हां, पप्पा,’’ ती म्हणाली. बापाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि त्याला ते खरं वाटलं.