कपाळावरचा हात

"ही शाल म्हणायची की गोणपाट? आणि डांबरगोळ्यांचा वास तर बघ! आमच्याकडे असल्या फडक्याने कुणी चूलसुद्धा पुसत नाही."

पडद्यापलीकडची कुरकुर ऐकली आणि लेओनोर कास्तेलचा पावडर लावणारा हात गालापाशीच थांबला. हा आवाज तिने सहा वर्षांत ऐकला नव्हता.

स्टुडिओच्या लेखी लेओनोर म्हणजे स्पेनमधल्या एका कर्नलची अनाथ मुलगी. खरं घर ट्रामने चाळीस मिनिटांवर, लॉस एंजेलिसच्याच पूर्वेच्या मेक्सिकन वस्तीत. नायिकेची मैत्रीण, नायिकेची नणंद, असं तिचं बरं चाललं होतं. सोमवारी नवा करार व्हायचा होता. मेक्सिकन आहे हे कळलं, तर उरलेला जन्म पडद्यावर नायिकेची मोलकरीण व्हायचं.

कपडेपटातली ओर्तेन्सिया त्याच वस्तीतली. गाऊनचे हूक लावता लावता ती म्हणाली, "गर्दीसाठी आपल्याकडनं बसभर बायका आणल्यात आज. कूकामावशीपण आलीय."

"कोण कूका?"

"मला काय ठाऊक, बाई!" शेवटचा हूक तिने जरा जास्तच आवळला.

प्रसंग साधा होता. बाजारातून लेओनोरने घोडागाडीकडे जायचं, टोपलीवाल्या बायकांनी वाट द्यायची. पण गाडी दिसली, लेक निघालेली दिसली, आणि त्या गोणपाटासारख्या शालीतल्या म्हातारीचा हात आपसूक उठला. घराबाहेर पडणाऱ्या लेकराच्या कपाळावर त्यांच्यात अंगठ्याने क्रूस काढतात, तसा तिने काढला. लेओनोरची मान तो हात येण्याआधीच झुकली होती.

"कट!" दिग्दर्शक व्हिटलॉक ओरडला. "ही बाई काय करतेय?"

"चुकलं, साहेब. हाताला खोड आहे."

दुसऱ्या वेळी म्हातारीने टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरली. लेओनोर समोर आली आणि थांबली. मान खाली. हात काही येईना.

"जा ना गं, वेडे," म्हातारी ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "सगळे बघतायत."

कडेला उभी असलेली ओर्तेन्सिया उगाच टाचण्या मोजू लागली.

"मिस कास्तेल, अडलंय कुठे? ओळखता की काय हिला?" व्हिटलॉक हसला.

"छे, साहेब!" म्हातारी घाईने म्हणाली. "आम्ही कुठल्या यांच्या ओळखीच्या!"

लेओनोरने मान वर केली नाही.

"आई आहे ती माझी," ती म्हणाली.