चौथ्या खेपेचा वैद्य

"काल घसा, आज धूळ. उद्या काय सांगशील, लाओ लुओ?" उकळत्या पाण्यात नूडल्स सोडत फंगयिंगनं विचारलं.

"उद्या खडूचं नाव सांगेन. तू तुझा ठेला बघ," लुओ मास्तर खोकत म्हणाले आणि वाटी अर्धी टाकून उठले.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात स्वतःची वाटी कधी न विसळलेला हा नवरा महिनाभर आपला रुमाल स्वतः धूत होता, तोही दार लावून. खोकल्यातून रक्त पडतंय, हे फंगयिंगनं ओळखलं. तिनं आतापर्यंत तीनदा डॉक्टरचा विषय काढला होता. पहिल्यांदा ते हसले, दुसऱ्यांदा चिडले, आज तर सरळ उठूनच गेले.

तिचा ठेला शाळेच्या भिंतीला लागून, चौथीच्या खिडकीखाली. मास्तरांचे धडे तिला तोंडपाठ होते. दर पानगळीत ते फळ्यावर चार चिनी अक्षरांची म्हण लिहीत: रोग लपवायचा, वैद्य टाळायचा. मग तिच्यामागची गोष्ट सांगत: एक वैद्य राजाला तीनदा बजावतो, आजार कातडीत आहे, मांसात आहे, पोटात आहे. राजाचं आपलं एकच, मला काही झालेलं नाही. चौथ्या खेपेला वैद्य नुसता बघतो आणि पाठ फिरवतो. आजार हाडात उतरल्यावर बोलायचं काय?

दुसऱ्या दिवशी तोच धडा होता. बोलून जीभ झिजली, आता गप्प बसून बघू, असं तिनं ठरवलं.

"मीठ कमी आहे," मास्तर म्हणाले.

तिनं मीठ पुढे सरकवलं.

"मुकी झालीस का?"

तिनं कढईवरची नजर हलवली नाही.

तासाभरानं वरून मास्तरांचा आवाज आला. "चौथ्या वेळी वैद्य काहीच बोलला नाही."

"गुरुजी, मग राजा घाबरला नाही?" एका मुलीनं विचारलं.

आधी खोकला आला, आणि त्यामागून, "पुढचं तुम्हीच वाचा."

तास संपल्यावर मास्तर ठेल्यापाशी येऊन उभे राहिले.

"जिल्ह्याच्या दवाखान्याकडची बस किती वाजता?"

फंगयिंगनं शेगडी विझवली. बोलली असती तर रडली असती.

त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "आज धुतला नाही. डॉक्टरला दाखवावा लागेल."

तिनं तो न उलगडता आपल्या खिशात ठेवला.

"स्वेटर घाल," ती म्हणाली. "बसमध्ये वारा लागतो."