काखेतली गाठ

प्रयोगशाळेच्या भिंतीवर कागद होता : घरच्या माणसाच्या नमुन्याची काचपट्टी स्वतः वाचायची नाही. तो मावशीनेच स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवला होता. आणि आज दार लोटून घेऊन ती सख्ख्या भाचीचीच पट्टी बघत होती. नियम गेला उडत!

ताईची सात वर्षांची चिमणी. काखेत बोराएवढी गाठ आली, दोन आठवडे झाले तरी जाईना, म्हणून काल सुईने तिच्यातला थेंबभर नमुना काढला होता. ताईचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता. "अगं, काही वाईट तर नाही ना?" मावशी दर वेळी म्हणायची, "थांब गं जरा, रंग वाळतोय."

रंग कधीच वाळला होता. मावशीने तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाचं थेट सगळ्यात मोठं भिंग लावलं. मोठाल्या, कोवळ्या पांढऱ्या पेशी, एकीला लागून दुसरी. कॅन्सरच्या गाठीत अशाच दिसतात. बावीस वर्षं पट्ट्या वाचणाऱ्या बाईला घाम फुटला. ताईला आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तो कागद कोणी लावलाय गं?" मागून आवाज आला. मोठ्या डॉक्टरबाई केव्हा आत आल्या, कळलंच नव्हतं.

"मी."

"मग सरक."

बाईंनी आधी लहान भिंग लावलं, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवली. मग मोठं भिंग. मावशी नखं खात उभी. "पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं? आधी लहान भिंग, मग मोठं. तू एकाच कोपऱ्यात नाक खुपसून बसलीस. बघ आता, कॅन्सरच्या गाठीत असतात तशा सगळ्या सारख्या आहेत का?"

मावशीने डोळा लावला. नव्हत्या. लहान, मध्यम, मोठ्या, सगळा मिसळलेला गोतावळा. आणि मध्येच एक ऐसपैस पेशी, पोटात काळसर चुरा घेतलेली.

"ही तर खादाड पेशी! ही इथे काय करते?"

"तूच सांग."

मावशीची भीती जराशी मागे सरली आणि डोकं चालू लागलं. "कातडीला कुठे खरचटलं, जंतू शिरले, की आधी या खादाड पेशींची जात धावते. कोण, कुठला, विचारत नाहीत. दिसला की गिळला."

"आणि मग?"

"त्यांच्याच गोतातली एखादी त्या जंतूचा तुकडा घेऊन जवळच्या गाठीत येते. इथल्या लाखो पेशींना दाखवते, याला कोण ओळखतं? ओळखणाऱ्या मोजक्याच. त्यांची पिलावळ वाढते, म्हणून गाठ फुगते. त्यातल्या ज्या जंतूला नीट ओळखत नाहीत त्या मरतात, आणि त्यांचा चुरा..."

"ही बया खाते. ओळखणाऱ्यांनी बनवलेली प्रतिपिंडं जंतूला चिकटली की या खादाडांना तो धरायलाही सोपा जातो. एकीचं दुसरीवाचून चालत नाही बघ. ही गाठ लढतेय, बिघडलेली नाही. महिन्याने पुन्हा बघू." बाई जाता जाता थांबल्या. "पण लढतेय कोणाशी? पोरीला कुठे खरचटलं होतं?"

हाच प्रश्न मावशीलाही पडला होता. तिने फोन लावला. "ताई, घाबरू नकोस, चांगलं आहे. चिमणीला दे."

"मावशी?"

"राणी, मध्यंतरी हाताला काही लागलं होतं का गं?"

पलीकडे दार लोटलं गेलं. मग अगदी हळू आवाज : "गच्चीवरच्या खोक्यात मांजरीचं पिल्लू आहे. त्याने ओरबाडलं. आता तर दिसतही नाही. आईला सांगू नकोस ना, ती त्याला हाकलेल."

कातडीवर खूणही उरली नव्हती, आणि काखेत अजून काम चाललं होतं. मावशीला हसू आलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणीही. सकाळपासून दाबून धरलेलं रडू ते.

"मावशी, तू रडतेस? पिल्लू चांगलं आहे गं."

"हो गं बाई," मावशी नाक पुसत म्हणाली. "तूही चांगली आहेस."