मॅडम येणार म्हणून

नजीरभाईचा धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचा. लातुरातल्या त्या ओढ्याकाठच्या गल्लीत कुणाची मोटार जळाली की आधी त्यालाच हाक. चाळीस वर्षं आडात मोटारी सोडायच्या नि वर काढायच्या, त्यामुळं कोणत्या आडाला कुठून पाणी येतं हे त्याला तोंडपाठ. अन् तेच माहीत असल्यामुळं बिचाऱ्याची झोप उडाली होती.

झालं असं, की दोन वर्षांमागं ओढ्याला पूर आला नि पारूबाईच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. गल्लीनं बोंब मारली, तेव्हा कुठं पुराची भिंत मंजूर झाली. दोन्ही काठांना भिंत आणि तळाला सिमेंट. भिंतीला नजीरभाईची ना नव्हती. पारूबाईचं भिजलेलं धान्य त्यानंच पोत्यांतनं उपसून गच्चीवर वाळत घातलं होतं. पण तळाला सिमेंट? वरच्या वस्तीत असाच तळ पक्का केला, तर दीड वर्षात तीन आड ठणठणीत कोरडे. तिन्ही मोटारी ह्यानंच वर काढल्या. आणि ह्या गल्लीत नळ येतो आठ-दहा दिवसांतनं एकदा! आड गेला तर प्यायचं काय, कपाळ?

त्यानं महापालिकेत अर्ज केला. भिंत बांधा, तळ तेवढा मातीचा ठेवा. एकाचे सात अर्ज झाले, तेव्हा उत्तर आलं: नांदेडच्या कॉलेजातल्या मॅडम एक दिवस येऊन ओढ्याची पाहणी करतील, त्यावरून तळाचं ठरेल. नजीरभाईनं ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं.

आता पाहणी म्हटल्यावर काय करायचं, हे आपल्या लोकांना शिकवावं लागतं का? साहेब येणार म्हटलं की शाळेला रंग लागतो, रस्त्याच्या कडेला चुना पडतो. पारूबाई म्हणाली, "ही घाण बघून मॅडम काय म्हणतील? ह्या लोकांनाच ओढ्याची कदर न्हाई, टाका सिमेंट!" सगळ्यांना पटलं. नजीरभाईला तर फारच पटलं.

रविवारी अख्खी गल्ली ओढ्यात उतरली. लव्हाळं मुळासकट उपटलं. मडिवाळप्पानं खेकड्यांची बिळं दगडमाती घालून बुजवली, मॅडमचा पाय मुरगळायला नको म्हणून. टिटवीची चार अंडी होती, ती पारूबाईनं सुपात घालून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन ठेवली. तेवढ्यात भिंतीचा नि तळाच्या सिमेंटचा ठेकेदार संगमेश आला. कमरेवर हात ठेवून त्यानं सगळं बघितलं, अन् न मागता जेसीबी पाठवून दिला. "चाचा, लई चांगलं काम करून राहिले तुम्ही. तळ खरवडून घेऊ, डबकी उपसू. मॅडमला बरं दिसंल." नजीरभाईनं त्याला दुवा दिली. दुवा! अहो, त्या भोळ्या माणसाला काय म्हणावं? संध्याकाळी दोन्ही काठांनी चुन्याची पांढरी रेघ ओढली आणि नजीरभाईनं मोबाईलवर चाळीस फोटो काढले.

मंगळवारी सकाळी उर्वी मॅडम आल्या. खांद्याला पिशवी, हातात बारीक जाळी, काचेच्या बाटल्या. काठावर येऊन उभ्या राहिल्या आणि चुन्याच्या रेघेवरनं नजर खरवडलेल्या तळाकडं नेली.

"हे कधी केलं, चाचा?"

"परवा, मॅडम. सगळ्या गल्लीनं मिळून. खास तुमच्यासाठी."

मॅडम खाली उतरल्या. दोन तास एकेक दगड उलटा करून पाहिला, बोटभर धारेत जाळी धरली. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. बाटल्या रिकाम्याच राहिल्या. नजीरभाई मागं मागं फिरत होता, कौतुकाचा एक शब्द ऐकायला.

"चाचा, मी इथं जीव मोजायला आले होते," मॅडम म्हणाल्या. "मासे, खेकडे, गोगलगाई, पाखरांची अंडी. ती सापडली तर हा ओढा. नाही सापडली तर कागदावर हे गटार. आणि गटारात सिमेंट ओतायला कुणाची हरकत नसते."

नजीरभाई एकदम पुढं झाला. "होते की, मॅडम! खेकडे होते, मडिवाळप्पाला विचारा. अंडी पारूबाईनं स्वतःच्या हातानं उचलली. तेच लिहा ना!"

"ज्या दिवशी बघते, त्या दिवसाचंच लिहावं लागतं. आधीचा एखादा फोटो?"

त्यानं मोबाईल काढून फोटो सरकवले. चाळीसच्या चाळीस, सफाईनंतरचे. घाणीचा फोटो कोण काढतो?

"मग पावसानंतर एकदा या. मेहरबानी करा."

"पावसाआधी महापालिकेला काम उरकायचंय. पुन्हा पाहणी करा असं मी लिहीन, चाचा. पण ह्याआधी दुसऱ्या दोन ओढ्यांचं असंच लिहिलं होतं. कुणी वाचलं नाही."

नजीरभाईची बायको अख्तरी पाण्याचा तांब्या नि चहा घेऊन आली. मॅडम घटाघटा पाणी प्यायल्या. "किती गोड पाणी आहे हो!"

"ह्याच ओढ्याचं हाय," नजीरभाई म्हणाला. "मुरून आडात येतं."

मॅडमनी फॉर्म उलटापालटा केला. पाण्याच्या चवीसाठी त्यात रकाना नव्हता. समासात बारीक अक्षरात त्या पाण्याविषयी दोन ओळी लिहिल्या आणि फॉर्म त्याच्यापुढं धरला. खाली छापलेलं होतं: पाहणी अर्जदारासमक्ष केली. वर मॅडमचं अक्षर: ओढ्यात जीवसृष्टी आढळली नाही. नजीरभाईनं तीनदा वाचलं. खोटं म्हणावं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात. त्याला मात्र रडूच फुटायला आलं होतं. त्यानं सही केली.

मॅडमची रिक्षा वळली, तशी गल्ली गोळा झाली. बिळं बुजवताना सोलवटलेल्या मडिवाळप्पाच्या तळहाताला अजून पट्टी होती. पारूबाई सगळ्यांच्या पुढं.

"काय म्हणल्या मॅडम? आवडला का ओढा?"

नजीरभाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तोंडं कशी आनंदानं फुलली होती सगळ्यांची.

"लई साफ ठेवलाय म्हणल्या."

"बघा, मी म्हणलं नव्हतं?" पारूबाईनं टाळी वाजवली. "म्हंजी आपला आड वाचला म्हणा की!"

"हाव," नजीरभाई म्हणाला.