शहाण्णव किलोंचा रामकिसन आणि मी

मी एक मोपेड आहे. जुन्या जालन्यातल्या एका घराच्या पडवीत उभी असते. जन्म १९८५चा, म्हणजे आज पंधरा वर्षांची, आणि दोन पायडल मारले की अजूनही फटफट सुरू होते! पण माझं कौतुक राहू द्या. मला माझ्या मालकाच्या पोटाची गोष्ट सांगायचीय, आणि ती सांगायला मी कधीची उतावीळ झालेय.

मालकाचं नाव रामकिसन. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत नोकरी. काम असं, की बियाण्यासाठी लावलेल्या बाजरीत ओळीओळीनं फिरायचं आणि भेसळीचं झाड दिसलं की ते फुलायच्या आत उपटायचं. झाडं सुटली तर बियाणं बिघडलंच! रामकिसनची नजर अशी, की हजार झाडांत एक परकं झाड त्याला लांबूनच ओळखू यायचं. या कामावर त्याचा जीव होता.

मी यायच्या आधी तो कुंडलिकेचा पूल ओलांडून चालत ऑफिसला जायचा. मी आले आणि त्याचं चालणं सुटलं. दळणाला मी, पानटपरीला मी, गल्लीच्या टोकाला दूध आणायलाही मी! मला केवढा अभिमान! आठ वर्षांत माझी सीट खचली, स्प्रिंगा कुरकुरायला लागल्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

१९९३चा पावसाळा. मंठा रोडवरच्या एका शेताच्या बांधावर मी उभी होते. रामकिसन बाजरीत शिरला, चार ओळी फिरला आणि गुडघे धरून, धापा टाकत बांधावर येऊन बसला. त्याचे साहेब, तातेराव, समोरच उभे होते.

"अर्धा प्लॉट तसाच राह्यला की, रामकिसन."

"जरा दम घेऊन जातो, साहेब."

"तुम्ही दम घेईपर्यंत बाजरी फुलून जाईल. पुढच्या वर्षी अख्खा प्लॉट न बसता फिरून दाखवा. न्हाईतर गोदामात पोती रचून घ्यायला बसा."

परत आल्यावर रामकिसन थेट गोदामात गेला आणि पोत्यांच्या काट्यावर उभा राहिला. शहाण्णव किलो. हमाल हसत म्हणाला, "आणखी चार किलो हाणा साहेब, क्विंटल बराबर भरतो!"

रामकिसननं त्याच दिवशी ठरवलं, उपवास करायचे. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, काही सोडलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी माझ्यावरच उघडते, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड चकत्या. महिन्यानं काटा अठ्ठ्याण्णवावर!

त्याची आई झुंबरबाई उंबऱ्यात बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "तू उपास करून राह्यला का पंगत जेवून राह्यला रं?"

रामकिसन चिडला आणि पार दुसऱ्या टोकाला गेला. दोन दिवस नुसतं लिंबूपाणी. तिसऱ्या दिवशी पुलावर त्याला भोवळ आली आणि आम्ही दोघं कठड्यावर आदळलो. माझा दिवा फुटला, त्याचं कोपर फुटलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं, उपाशी राहू नका, रोजचं जेवण सुधारा आणि रोज चाला.

घरी आल्यावर बेबीनंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, जाहीर केलं, "आजपासून गाडी फक्त शेतावर जायला. ऑफिसला पायी जायचं."

"अगं, उशीर होईल."

"मंग जल्दी उठा. आन् ताट मी वाढणार. पुन्हा मागायचं बिलकुल न्हाई."

मला किती राग आला! जिच्याशिवाय पान हलत नव्हतं, तिच्या सीटवर आता कोंबडी बसायला लागली! मी रोज सकाळी वाट पाहायची आणि तो माझ्या बाजूनं चालत निघून जायचा. पण खिडकी उघडीच होती ना, बघत राहिले. ताटात आधी पालेभाजी, घट्ट वरण, काकडी. मग ज्वारीची भाकरी, चाराऐवजी दोन. चहा दिवसातून दोनदाच, साखर अर्धा चमचा. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच. उपवास, नवस, काढे, काही नाही! एवढ्याशा गोष्टी, पण रोजच्या रोज.

पहिल्या महिन्यात दोनच किलो उतरले. रामकिसन हिरमुसला. त्यातच एका लग्नात त्यानं चार वाट्या बासुंदी हाणली आणि घरी येऊन डोक्याला हात लावला. "गेलं सगळं. माझ्याच्यानं न्हाई होत, माय."

झुंबरबाई म्हणाली, "एक दिवस जेवला तर काय आभाळ कोसळलं का? उद्या चाल की बराबर."

दुसऱ्या दिवशी तो चालला. तिसऱ्या दिवशीही चालला. आणि मी, खरं सांगते, पहिल्यांदाच सीटवरच्या कोंबडीला राग न येता बसू दिलं.

१९९४चा पावसाळा आला. तोच मंठा रोड. रामकिसन माझ्यावर बसला आणि माझ्या स्प्रिंगा गप्प! चौऱ्याऐंशी किलो! तातेरावसाहेब म्हणाले, "चला, मीही येतो मागून."

मी बांधावरून बाजरीचे शेंडे हलताना बघत होते. एक ओळ, दहा ओळी, वीस ओळी. शेंडे थांबले की माझा जीव टांगणीला, हलले की पुन्हा जीवात जीव! शेवटच्या ओळीत रामकिसन वाकला आणि एक झाड मुळासकट उपटून बाहेर आला. "साहेब, हे बघा, भेसळ."

साहेब मागून घाम पुसत आले आणि बांधावर मटकन बसले. "बघतो हो. जरा दम घेऊ द्या आधी."

गोदामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आज सहा वर्षं झाली, वजन आणखी उतरून अठ्ठ्याहत्तरावर टिकलंय आणि रामकिसन अजून बाजरीतच असतो. मी आठवड्यातून एकदा लांबच्या शेतावर जाते, बाकी आरामात.

तुमच्याही दारात माझी एखादी बहीण उभी असेल. दूध, दळण, भाजी, एवढ्यासाठी तरी तिला बाहेर काढू नका हो! ती रुसेल. रुसू द्या, मी सांगते तुम्हाला!

परवा शेजारचा मच्छिंद्र आला होता. त्याचं शिलाईचं दुकान चार गल्ल्या पलीकडं आणि त्याचं पोट त्याच्या चार पावलं पुढं. "रामकिसनभाऊ, गाडी नुसती उभीच राह्यती. मला देऊन टाका."

"गाडी देत न्हाई. उद्या सहाला दारात ये."

"चालवायला शिकवता का?"

"हो. पाय."

आज सकाळी मच्छिंद्र खरंच आला. गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत तीनदा म्हणाला, "अजून किती लांब?" वळणावर थांबून त्यानं मागं वळून माझ्याकडं मोठ्या आशेनं पाहिलं.

मी ओळखच दाखवली नाही.