मोज्यांतल्या खुर्च्या

घरात पाळणाघर काढायचं ठरवलं तेव्हा मावशीने मला समोर बसवून कुठे कुठे पाय घसरतो ते सांगितलं. तिने आयुष्यभर असंच पाळणाघर चालवलं होतं, आणि कानाला मशीन लागलं ते त्यातूनच, असं ती अभिमानाने सांगे. बंद करायची वेळ ठरव आणि त्या वेळी खरंच बंद कर. तापाचं मूल दारातूनच परत पाठव. खेळणी कमी घे. आणि सगळं घर मुलांच्या ताब्यात देऊ नकोस, तुम्हा बापलेकींना पाठ टेकायला एक कोपरा ठेव.

मी सगळ्याला मान डोलावली आणि मग एकेक चूक शिस्तीत केली.

कोणी म्हणालं आज जरा उशीर होईल, की मी म्हणे, चालेल. जुळ्या मुलींचे वडील दिवे लागल्यावर येऊ लागले आणि आल्यावर चहासाठी बसूही लागले. मी खेळण्यांचा ढीग आणून ठेवला होता. मुलं डब्यांच्या झाकणांवर खूश होती. बाबांचा दाढीचा ब्रश फेसासकट कापडी अस्वलाच्या पाठीवरून फिरताना सापडला. एक वाहतं नाक भिडेखातर आत घेतलं आणि आठवडाभर मुलं, बाबा, मी, सगळे आळीपाळीने शिंकत होतो.

"भीड भिकेची बहीण," मावशी म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून मदतीला येऊ लागली. दारावर वेळेची पाटी लागली. जुळ्यांच्या वडिलांना तिने चहाऐवजी झाडू दिला आणि बसलाच आहात तर तेवढा हॉलचा केर काढून घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी मुकाट्याने काढला, आणि पुढे ते पाटीवरच्या वेळेच्या आधीच दारात दिसू लागले.

पाळणाघर चालणं मला गरजेचं होतं. आईच्या आजारपणात दुसऱ्या शहरातली नोकरी सोडून मी घरी आले होते. ती गेल्यावर बाबा माझ्याबरोबर तिकडे यायला तयार नव्हते आणि मी त्यांना एकटं ठेवायला तयार नव्हते. पाळणाघराचा जम बसला नसता तर मला परत नोकरी धरावी लागली असती, आणि या घरात ओट्यावर एकच ताट पालथं पडलं असतं.

मावशीने माझ्या सगळ्या चुका पकडल्या. एक मात्र तिला दिसली नाही, कारण ती दिसण्यासारखी नव्हती.

एका सकाळी ती कानातलं मशीन काढून हातात घेऊन आली. बिघडलंय म्हणाली. मुलांचे ओठ हलतात पण ऐकू काही येत नाही. दुपारी ती ते दुकानात दाखवून परत आली.

"मशीन ठणठणीत आहे म्हणतो. उलट मलाच विचारतो, आजी, समोरचं माणूस बोलतंय ना नक्की?" तिने पर्स खाली ठेवली. "काय गं, ही मुलं बोलतात ना?"

मी वळून पाहिलं. जुळ्या एका बसवरून भांडत होत्या. दोघींचे चेहरे लाल, मुठी आवळलेल्या, आणि आवाज कुजबुजीएवढा. जिला आम्ही प्रश्नपत्रिका म्हणायचो ती माझ्या कानाला ओठ लावून विचारत होती की मुंग्या झोपतात का. इतके दिवस मला वाटत होतं, किती गुणी मुलं मिळाली आहेत.

त्याच संध्याकाळी भोंग्याची आई आली. भोंगा हे नाव त्याला तिनेच दिलेलं. तो पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्या रडण्याने समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या होत्या.

"ताई, तुम्ही त्याला रागावता का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती ओशाळली, पण थांबली नाही. तो आता न्हाणीघरातून हाक मारत नाही, ओल्या अंगाने बाहेर येऊन कानात सांगतो. काल पडला तर तोंडावर हात धरून रडला. पहिल्यांदा आम्हाला बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. "एवढा आठवडा बघते. मग मात्र मी त्याला काढीन."

निम्मी मुलं तिच्या सांगण्यावरून आली होती. भोंगा गेला असता तर तीही गेली असती.

दोष कुठे आहे ते मला खुर्ची सरकवताना कळलं. ती सरकली, पण आवाज झाला नाही. आईला शेवटच्या वर्षात आवाज सोसत नव्हता. चमचा पडला तरी तिच्या कपाळावर आठी उमटे. म्हणून बाबांनी आपले जुने लोकरी मोजे सगळ्या खुर्च्यांच्या पायांत चढवले होते. दारावरच्या घंटीची तार काढली होती. भांडी आम्ही टॉवेलवर पालथी घालायचो आणि एकमेकांशी बोलायचो ते कुजबुजतच. आई गेली, तिच्या खोलीचं दार लोटलं गेलं, आणि मोजे तसेच राहिले. मुलांना गप्प बसा असं कोणीच कधी सांगितलं नव्हतं. घराने त्यांना ते शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना गोल बसवलं आणि म्हटलं, आज आपण ओरडायचं. सुरुवात म्हणून मी वाघासारखी डरकाळी फोडली. मुलांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. एका जुळीने ओठांवर बोट ठेवलं.

"ताई," प्रश्नपत्रिका हळूच म्हणाली, "आतली आजी उठेल ना."

बाबा टेबलाशी बसून खेळण्यातल्या बसचं चाक बसवत होते. त्यांचा हात थांबला. ते उठून आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आत आजी आहे असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्या दारापुढून चवड्यांवर चालता. ताईपण. मग आम्हीपण."

बाबा उठले. मला वाटलं, ते बसकडे परत जातील. पण त्यांनी दार ढकललं आणि मुलांना आत बोलावलं. पलंग, गुंडाळलेली गादी, रिकामी मांडणी. पडदा त्यांनी बाजूला केला तेव्हा सगळ्या घरातलं जास्तीचं ऊन त्या खोलीत साठून राहिलं होतं असं वाटलं.

"इथे आजी होती. आता नाही. ती वारली," बाबा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते.

भोंग्याने जमिनीवर आडवं होऊन पलंगाखाली पाहून खात्री करून घेतली. मग कुजबुजत विचारलं, "तिला आवाज आवडायचा नाही?"

"आजारी होती तेव्हा नाही. त्याच्याआधी," बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, "त्याच्याआधी ती मला अशी हाक मारायची की कोपऱ्यावरचा शिंपी ओ द्यायचा."

"कशी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग छाती भरून, तोंडाशी हात धरून, आईच्या चढत्या सुरात त्यांनी हाक दिली. "अहोऽऽ."

रिकाम्या खोलीने ती परत केली. भोंग्याचे डोळे मोठे झाले. त्याने मांजराला दूध दिसावं तसं छताकडे पाहिलं, आणि महिनाभर साठवलेलं सगळं एकदम बाहेर सोडलं. "अहोऽऽ." पाठोपाठ जुळ्या. पाठोपाठ सगळेच. एवढीएवढीशी माणसं, भिंतीला पाठ लावून, "अहो" म्हणून कोकलत होती. मला हसू आवरेना आणि दुसरंही काही आवरेना, पण त्या गोंधळात ते कोणाला कळलं नाही.

मावशी स्वयंपाकघरातून धावत आली, दारात थांबली, कानातलं मशीन काढून तिने खुंटीवरच्या पर्समध्ये टाकलं आणि समाधानाने चेन लावली. "तुला एक कोपरा राखून ठेव म्हणाले होते," ती मला म्हणाली. "हा नव्हे. हा देऊन टाक."

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी उभा होता.

"ओ," तो म्हणाला. मग बाबांकडे बघून त्याने नजर खाली घातली. "सवय हो. उठलो, चालायला लागलो, मग आठवलं."

बाबांनी त्याचा हात धरून त्याला आत घेतलं.

दुपारी मुलांनी मोजे ओढून काढले. मोज्यांच्या बाहुल्या झाल्या. बाबांनी घंटीची तार जोडली आणि ती चालते का हे प्रत्येकाला स्वतः तपासावं लागलं. संध्याकाळी भोंग्याची आई धापा टाकत आली. कोपऱ्यावरूनच त्याचा आवाज ओळखून, त्याला काय झालं म्हणून ती पळत सुटली होती. भोंगा खुर्ची ढकलत घरभर फिरत होता. ती चौकटीला टेकून उभी राहिली आणि श्वास परत येईपर्यंत नुसती ऐकत राहिली. काढण्याबद्दल ती पुन्हा बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तक्रार मात्र आणलीच, की तो आता घरी वडिलांना अहो म्हणतो.

सगळे गेल्यावर मी दोघांची ताटं घेतली. बाबांनी खुर्ची टेबलाशी ओढली. तिचे पाय फरशीवर खरखरले, आणि आम्ही दोघांनी सवयीने आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडंच होतं. पलंगावर एक मोजा पडला होता.

बाबांनी खुर्ची मागे सरकवली आणि पुन्हा एकदा ओढली.